सायकलच्या हालतीचा रकाना

— नाही जी साहेब, अपघाताच्या फारमातला तो रकाना कोराच राहू द्या. सायकलची हालत कायले पाह्यजे तुमाले? रस्त्याचं लिहा पहिले. लिहा — मनिराम सायकलवाला, पुलाखालचा चौक, बावीस वर्षांपासून इथंच पाना धरून बसला हाय, त्यानं आपल्या डोळ्यानं पाह्यलं. पट्टे नाही, फुटपाथ नाही, पूल उतरला का राइस मिलचा ट्रक सीधा अंगावर येते. नगर परिषदेले निधी येऊन राहिला म्हणते न — पायी चालणाऱ्यायसाठी, सायकलवाल्यायसाठी? मंग द्या न इथंच! साऱ्या गोंदियात याच्याहून खराब चौक दाखवा मले. बिचारी भूमिका गेली ते कमी झालं काय? दहावीतली पोट्टी, पुलापलीकडून रोज सायकलनं शाळेत जाये. दोन महिने झाले. रस्त्यानं मारलं तिले — असंच लिहा.

हव, ओला होता रस्ता. टँकरचं पाणी सांडलं होतं. म्हणूनच तर — म्हणून काय, काही नाही. ओल्यावर कोणताही ब्रेक... जाऊ द्या. चहा घेता?

ते? हव, तिचीच सायकल हाय ते. पोलिसायनं सोडली तशी ओमेशभाऊनं — तिच्या बापानं — सीधी इथं आणली. मले वाटलं, भंगारात घाल म्हणते. तर म्हणते कसा, मनिरामभाऊ, चाक सरळ करून दे, लहानी पोट्टी आठवीत हाय, तिले कामी येते. तवापासून रोज येते. समोरच्या ओट्यावर बसते. भांडत नाही, सायकलकडं पाह्यत राह्यते. शिव्या देल्ल्या असत्या त बरं झालं असतं जी! मी रोज सांगतो, उद्या. पण आज लहानीले घेऊनच येतो म्हणाला, शाळा सुटल्यावर. चाक सरळ केलं, चेन घातली, घंटी बी नवीन लावली. एकच काम राह्यलं — तिथं माझा हातच जात नाही.

कोणतं म्हंजे? मागचा ब्रेक, समोरचा त पहिलेपासूनच नाही. तुमच्या हाताजवळच हाय. निळं दिसते न — स्लिपरचा तुकडा हाय तो. आता असे काऊन पाहून राहिले? सारेच लावते जी! रबर सरले का जुनी चप्पल कापाची, बसवाची, एक-दोन दिवस निघून जाते. त्या दिवशी सकाळी ती धावत आली — काका, पेपर हाय, लवकर करा. डब्यात एक रबर नव्हता. मी म्हटलं, जाय बेटा, उद्या येजो, नवीन टाकून देतो. सुक्यात धरते तो! सुक्यात बरोबर धरते. मले का मालूम, टँकर तवाच पाणी सांडत जाईन म्हणून? मी इथूनच पाह्यत होतो. दोन्ही हातानं ब्रेक दाबून होती पोट्टी, अन् सायकल चाललीच होती — ट्रकाकडं चाललीच होती.

हे नका लिहू. हे मी तुमाले असंच सांगितलं. रस्त्याचं लिहा — निधी आला, पट्टे पडले, का साऱ्यायले समजन रस्ताच खराब होता. ओमेशभाऊले बी समजन. मंग मले त्याच्या तोंडाकडं पाह्यता येईन.

अरे, ओढू नका तो तुकडा! पाह्यलं, निघाला न हातात. खिशात कायले टाकून राहिले? साहेब, इकडं आणा. आणा न इकडं, हात जोडतो —

या, ओमेशभाऊ. या, बसा. हे साहेब चाललेच. जा न जी तुम्ही, झालं न तुमचं. हव भाऊ, तयार हाय, फक्त एक — ए बेटा! बेटा, बसू नको सायकलवर! उतर, उतर खाली — तिले ब्रेक नाही.