फोटोतलं तोंड माझं आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या दंत महाविद्यालयाचे माननीय डीनसाहेब; त्यांच्या शेजारी बसलेले कवळी विभागाचे प्रमुख आणि आपल्या जर्नलच्या समितीचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब; आजपासून संपादकाच्या खुर्चीत बसणारे नवे संपादक; संपादक मंडळातली सगळी विद्वान मंडळी; समोर बसलेले दात काढणारे, दात भरणारे, दात सरळ करणारे; आणि मागे दाराशी उभे राहून चहा कधी येतो हे बघणारे, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी कोण, हे आधी सांगते. तुम्ही आज ज्या संपादकबाईंना निरोप देताय, त्यांची मी आजी. बापाची आई. शिक्षण म्हणाल तर दुसरी पास, तिसरीला बसले होते पण धाकट्या भावाला गोवर आला आणि शाळा राहिली ती राहिलीच. व्यासपीठावर चढायची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. नातीला चार शब्द बोल म्हणालात, तर ती म्हणाली, "मला काही बोलायचं नाही." मग सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, घरचं कुणीतरी बोला. सूनबाईने लगेच पर्समध्ये डोकं घातलं. मुलगा फोनवर बोलत बाहेर गेला, तो अजून आलेला नाही. राहिले मी. मला बोलायला सांगावं लागत नाही, थांबायला सांगावं लागतं.

बोलताना मधूनमधून शिट्टी ऐकू येईल. माइकवाल्या दादांनी घाबरू नये, माइक उत्तम आहे. माझी खालची कवळी हलते. ती का हलते ते सांगणारच आहे, कारण खरं विचाराल तर आजचा हा समारंभ त्या हलणाऱ्या कवळीमुळेच आहे.

आत्ता तुम्ही सगळे किती छान बोललात! "शिस्तप्रिय संपादक", "कार्यकाळ यशस्वीपणे पूर्ण केला". ऐकून ऊर भरून आला. पण डीनसाहेब, कार्यकाळ कुठे पूर्ण झाला? तिला खुर्ची दिलीत तेव्हा सांगितलेली मुदत अजून अर्धी उरलीय. अर्ध्या ताटावरून उठवायचं आणि वर विचारायचं, जेवण कसं झालं? ती बघा, नात डोळे मोठे करतेय. लहानपणापासून असेच करते. मी बसणार नाही गं. आणि हिने मला काही पढवलेलं नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. मी काय बोलणार हे तिला माहीत असतं तर तिने मला घरीच कोंडलं असतं.

आता जर्नल म्हणजे काय, हे मला कुठे कळलं? तर स्वयंपाकघरात. ही संपादक झाली तेव्हा तिने लेख पाठवणाऱ्यांसाठी नियम नव्याने लिहायला घेतले. आधीचे नियम असे होते म्हणे, की लिहिणाऱ्यालाच कळले नसतील. मग ही रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून मला एकेक नियम वाचून दाखवायची. मी भाजी निवडत असायची. "आजी, कळलं का?" मी नाही म्हटलं की खोडायची, पुन्हा लिहायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, मी काय लेख पाठवणार आहे का?" तर म्हणते, "लेख तू नाही पाठवणार, पण लेखात तू असशील. ज्याच्या तोंडाबद्दल लिहायचं, त्याला नियम कळायला नकोत?"

तेव्हा हसले होते मी. या बाईने पुढचं बघून ठेवलं होतं की काय, देव जाणे.

एक नियम होता, लेखावर नाव कुणाचं घालायचं. ज्याने काम केलं आणि जो त्या कामाबद्दल उत्तर देईल, त्याचंच. मी विचारलं, "म्हणजे साहेबांचं नाव मान म्हणून घालायचं नाही?" म्हणाली, "मान द्यायचा तर उठून खुर्ची द्यावी." हसताय ना? तेव्हा काही जण हसले नव्हते.

दुसरा नियम फोटोचा. रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे माणूस लपला, असं समजायचं नाही. हे मला एका क्षणात पटलं. दातांच्या फोटोत डोळे झाकतात आणि तोंड उघडं ठेवतात! माझ्या वरच्या ओठावर हा तीळ आहे, खाली लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे. मला ओळखायला डोळे कशाला लागतात? आमची शेजारीण मला माझ्या जांभईवरून ओळखते.

आणि एक नियम होता, तो मी शेवटी सांगेन. तो मला तोंडपाठ आहे.

आता माझ्या कवळीकडे येते. डॉक्टरसाहेब, घड्याळ बघू नका, तुमचं कौतुकच करतेय. यांच्या हाताला खरंच गुण आहे. माझी खालची कवळी कधी जागेवर राहिलीच नव्हती. बोलताना वर यायची, खाताना पळायची, शिंकले तर हातात. साहेबांनी खालच्या हाडात दोन स्क्रू बसवले. तुम्ही त्याला इम्प्लांट म्हणता. त्यावर कवळी टिचबटणासारखी बसायची, टक् आवाज करून. पहिल्या दिवशी साहेबांनी मला सफरचंद दिलं आणि म्हणाले, "चावा आजी, अख्खं." चावलं! कितीतरी वर्षांनी अख्खं सफरचंद चावलं आणि तिथे खुर्चीतच रडले. साहेबांनी फोटो काढले, लेख लिहायचाय म्हणाले, संमतीपत्र पुढे केलं. मी आनंदाने सही केली. जगाला कळू दे म्हटलं.

पण पुढे काही महिन्यांनी डावा स्क्रू ढिला झाला. हिरडी सुजली, आणि याच इमारतीत, तुमच्याच विभागात, तो काढावा लागला. आता तेवढ्या एका बटणावर कवळी धरलीय. म्हणून ही शिट्टी. मला त्याचा राग नाही हो. शरीर आहे, कधी धरतं, कधी सोडतं. साहेबांनी मुद्दाम थोडाच काढला?

मग एके दिवशी साहेबांचा लेख जर्नलकडे आला. रुग्ण: वयोवृद्ध महिला. डोळ्यांवर काळी पट्टी. नातीने पहिला फोटो बघितला आणि खुर्चीतून उठलीच. ओठ ओळखले तिने, खालची खूण ओळखली. लगेच मंडळाला कळवलं, रुग्ण माझी आजी आहे, या लेखाचा निर्णय मी घेणार नाही, दुसऱ्यांकडे द्या. दिला. लेख तपासणारे दोघे दोन गावांतले, एकमेकांना न ओळखणारे. दोघांनीही एकच मागितलं. लेखात लिहिलंय की वर्षभरानंतरही दोन्ही इम्प्लांट घट्ट आहेत, तर वर्षानंतरचे फोटो पाठवा.

फोटो कुठून येणार? स्क्रूच नाही तर फोटो कशाचा!

आता पुढचं मला कुणी सांगितलेलं नाही. मी तिथे होते. होते म्हणजे काय, मधोमध होते. साहेब माझी हिरडी तपासत होते. मी खुर्चीत आडवी, डोळ्यांवर दिवा, तोंडात आरसा, गालात कापूस. नात मला घ्यायला आली आणि दोघांचं माझ्या उघड्या तोंडावरच जुंपलं.

साहेब म्हणाले, "तुझ्या लोकांनी माझा लेख अडवून ठेवलाय."

ही म्हणाली, "अडवला नाही, सर. फोटो मागितलेत."

"दोनातला एक स्क्रू निघाला, त्याचा एवढा बाऊ?"

"बाऊ नाही, सर. तसंच लिहा ना. एक निघाला, एक टिकला. ते आनंदाने छापतील."

"निघालेल्या स्क्रूबद्दल कोण वाचतं?"

"ज्याला पुढचा बसवायचाय, तो वाचेल."

मग साहेब जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तू या नियमांचं फार मनावर घेतेस. मार्गदर्शक सूचना आहेत त्या. मार्ग दाखवतात, माणसाला फरपटत नेत नाहीत."

ही म्हणाली, "फरपटत नाहीत, सर. पण सगळ्यांसाठी सारख्या असतात."

आणि मी? मी काय म्हणाले? "आ." आरसा तोंडात होता! एवढंच म्हणता आलं, "आ... आ..." साहेबांना वाटलं दुखतंय. ते म्हणाले, "झालं हं आजी, झालंच." घसा कोरडा पडेपर्यंत आ करून होते आणि मनात नुसतं उकळत होतं. माझ्या तोंडाबद्दल भांडण, आणि बोलायची सोय नाही ती मलाच!

त्यानंतर समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष कोण, ते मी सुरुवातीच्या नमस्कारातच सांगितलंय. नातीला पत्र आलं, आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत. घरी आली, पर्स ठेवली, म्हणाली, "आजी, माझं संपादकपण संपलं." मी विचारलं, "काय चुकलं?" म्हणाली, "काही नाही." मी पुन्हा विचारलं, "मग माफी मागून टाकायची का? खुर्ची राहील." तर हसली आणि मला म्हणते, "कुणाची मागू? तू सांग, तुझ्या तोंडात स्क्रू किती?" मी म्हटलं, "एक." म्हणाली, "मग झालं तर."

तेवढ्यावर उठून तिने कणीक मळायला घेतली. मला इतका आनंद झाला त्या पोरीचा, काय सांगू! खुर्ची गेलेली पोर आणि मी मेली आनंदाने फुललेली. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला हसू कसलं येतंय?" अगं, हसू येणार नाही तर काय! या घरात एक माणूस असं निपजलं की ज्याला खुर्चीखालची जमीन दिसते.

डीनसाहेब, चिठ्ठी मिळाली. "थोडक्यात आवरा." आवरतेच.

माझ्या आधी डॉक्टरसाहेब बोलले. शेवटी त्यांनी मोठ्या आनंदाने जाहीर केलं, की नव्या संपादकांच्या पहिल्याच अंकात त्यांचा तो लेख येतोय. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मीसुद्धा सवयीने दोन वाजवल्या. मग लक्षात आलं, अगं बाई, हे तर आपलंच तोंड!

म्हणून आता तो शेवटचा नियम. ओट्यापाशी सात वेळा खोडून लिहिलेला, माझ्या डोक्यात शिरेपर्यंत. नव्या संपादकांनी नीट ऐकावं, कारण जर्नलच्या शेवटच्या पानावर तो आजही छापलेला आहे: "अंक छापायला जाईपर्यंत रुग्ण आपली संमती केव्हाही परत घेऊ शकतो. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. आणि त्यामुळे त्याच्या उपचारात काहीही कमी केलं जाणार नाही."

बरोबर आहे ना, संपादकसाहेब? मान हलवलीत. मागच्यांना दिसली? दिसली.

मग ऐका. मी, खालच्या जबड्यात एकच स्क्रू असलेली वयोवृद्ध महिला, तोंडात आरसा नसताना, कापूस नसताना, भर सभेत सांगते, की माझ्या तोंडाचे सगळे फोटो मी परत घेते. सफरचंदाचासुद्धा. कारण द्यायचं नसतं, तरी मी दिलंय, कारण मला राहवत नाही. लेखी लागत असेल तर कागद आणा, सही मला येते. मागची तुमच्याच विभागात केली होती.

डॉक्टरसाहेब, असे लाल होऊ नका. तुमचा लेख मी मारलेला नाही. ज्या दिवशी त्यात लिहाल की डावा स्क्रू निघाला, त्या दिवशी निरोप पाठवा. मी येईन, आडवी होईन, हवा तेवढा आ करीन, हवे तेवढे दिवे लावा. काळी पट्टीसुद्धा नको. डोळ्यांसकट छापा. खाली माझं वय लिहा, तीळ लिहा, झोपाळा लिहा. आणि सोमवारी तुमच्या विभागात माझी वेळ ठरलेली आहे, ती काही मी सोडणार नाही. उपचारात कमी करायचं नाही, असं नियमात आहे. तुमच्याच हाताने कवळी घट्ट करून घेईन, कारण हात चांगला आहे, हे मी आधीच सांगितलंय आणि ते मी परत घेत नाही.

नातबाई, तू आता रडू नकोस. मला नाही रडायचं, कवळी निघते.

मला बोलू दिलंत, मधे उठवलं नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे आणि सगळ्यांचे आभार. पाण्याचा ग्लास भरून ठेवणाऱ्या ताईंचे आणि शिट्टीला न कंटाळलेल्या माइकवाल्या दादांचे विशेष आभार. म्हातारीच्या जिभेला लगाम नसतो. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, बोलता बोलता कुणाला लागलं असेल, तर घरचं माणूस समजून पोटात घाला. फक्त स्क्रूबद्दल जे बोलले ते घालू नका. ते चुकून बोललेलं नाही.

नमस्कार.