गोणीचा कान

असा नको बसू, जितेश. पाठ ताठ धरलीस तू—माझी काशी तशी बसत नाही. डावी बाजू सैल सोड, पार सैल—हात मांडीवरनं घसरला तर घसरू दे. मान जरा खाली. हं. आता दिसतोयस तिच्यासारखा. हसू नको रे, तिचा हसताना एकच गाल वर जातो. दुपारी तुझ्या जिममध्ये कुणी नसतं म्हणून आलो मी—सकाळी ती पोरं आरशासमोर दंड फुगवत असतात, त्यांच्यात मी म्हातारा टोपी घालून कुठं उभा राहू?

उद्या रविवार. कल्पेश गाडी घेऊन येणार, आईला न्यायला. कर्जतच्या बाजूला एक जागा आहे म्हणे, अर्धांगाची माणसं सांभाळतात. मुलगा वाईट नाही रे माझा—तो म्हणाला, बाबा, तुम्ही एकट्यानं आईला खाटेवरनं उचलून खुर्चीत बसवून दाखवा, माझ्यासमोर, एकदाच, मग मी तिला चामटोलीच्या घरातनं हलवत नाही. एवढंच. खाट आणि खुर्ची, दोन पावलं. आणि मी कोण? उल्हासनगरला, कॅम्प तीनला, चाळीस वर्षं हमाली केलेला माणूस. जीन्सच्या कापडाच्या गोणी, ऐंशी-ऐंशी किलोच्या, तीन मजले जिना. काशी बावन्न किलो. मला वाटलं, हे काय, डाव्या हातचा मळ.

पण हमाल कधी एकटा उचलत नाही, ठाऊक आहे तुला? खालून दुसरा हात देतो, पाठीवर चढवून देतो, मग हमाल चालू लागतो. मला सदू द्यायचा हात. गेला तो, आता सहा वर्षं झाली. म्हणजे बघ—चाळीस वर्षं मी वाहिलं, उचललं सदूनं. हे मला कळलं कधी, तर खाटेपाशी वाकल्यावर.

त्या दिवशी तू एकाला सांगत होतास, मी दारातनं ऐकलं—डोळे मीट, मन दंडात ने, मग आवळ. आणि सोडताना सावकाश सोड, खरी ताकद सोडताना लागते. बरं वाटलं मला ऐकून. घरी गेलो, काशीच्या डाव्या हातात पाण्याची रिकामी बाटली दिली, म्हटलं, काशे, मन ने तिकडं. तिनं डोळे मिटले. कपाळ आवळलं, ओठ आवळले, उजवी मूठसुद्धा आवळली बिचारीनं—सगळं आवळलं, तेवढा डावा दंड नाही. रोज करतो आम्ही. एकदा करंगळी हलली. हलली असं मला वाटलं—वर पंखा चालू होता.

असू दे. उठवतो आता तुला. तू शिकवलंस तसं—पाय फाकवून, अगदी जवळ, माझा गुडघा तुझ्या डाव्या गुडघ्याला टेकवून, म्हणजे तो दुमडणार नाही. कमरेला हा पट्टा, पट्ट्याला धरायचं. पाठीनं नाही, मांड्यांनी. बरोबर? हात नाही धरायचा—नको, हात पुढं नको करू माझ्याकडं, म्हटलं ना, हात नाही धरायचा! दुखतो तिचा खांदा. पडली होती खाटेवरनं, दिवाळीच्या आधी.

पडली नाही.

तुला सांगतो, कल्पेशला नको सांगू. गोणीला कोपऱ्यात कान बांधलेला असतो, धरायला. जड गोणी थप्पीतनं काढायची तर कान धरून ओढायची, गोणी आपसूक येते. त्या दिवशी ती मला काही केल्या उठेना, तिला बाहेर जायचं होतं, घाई होती, कपडे भिजतील म्हणून ती रडवेली झाली—आणि माझ्या हातानं तो डावा हात धरला आणि ओढला. मी नाही रे, माझ्या हातानं. चाळीस वर्षांची सवय त्याला. खट्‌ असं वाजलं. ओरडली नाही ती, तिला आवाजच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खांदा निखळलाय, कुणी ओढलं यांना? मी म्हटलं, पडली. त्यांनी काशीला विचारलं, आजी, पडलात का? आणि काशीनं, जितेश, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि उजव्या हातानं दाखवलं—खाट, अशी वर, आणि जमीन, अशी खाली. पडले म्हणून. माझं खोटं तिनं स्वतःवर घेतलं. तिला मी कुणाच्या स्वाधीन करू, सांग? आणि माझ्याजवळ तरी कशाच्या जोरावर ठेवू?

नाही, नाही, पाणी नको. बस तू. सैल सोड. पुढं वाक, नाक पायाच्या बोटांवर येऊ दे. श्वास सोडतो मी—एक—दोन—

आलास. आलास की! उभा राहिलास! थांब, आता वळतो, एक पाऊल—दोन—आता बसवतो, सावकाश, खरी ताकद सोडताना—हं. बसलास. आवाजसुद्धा झाला नाही. बघितलंस? कल्पेशला म्हणावं, ये आता उद्या—

जितेश.

तू पाय टेकून जोर लावलास. डावा. खोटं नको बोलू, हमालाचं अंग आहे हे, कुणी खालून हात दिला की पाठीला कळतं. सदू द्यायचा तसाच दिलास तू. चांगलं पोर आहेस. पण तिला लावता येत नाही ना पाय.

परत करू. या वेळी नको लावू. शपथ आहे तुला माझी. एक—दोन—

—

थांब. जागचा हलला नाहीस. परत. एक—

राहू दे.

नको, नको धरू मला. बरा आहे मी. तो पट्टा घे काढून, तुझा तुला. टोपी कुठं पडली माझी? ती बघ. निघतो, साडेतीनला तिला कूस बदलून द्यायची असते.

आता बसून काय राहिलास असा, मान खाली घालून? ऊठ, बाळा. तुला येतंय ना उठता—ऊठ.