पासंगरावांची गाळणी

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे आम्हा सर्वांचे मोठे साहेब, मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, व्यासपीठावरचे मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आयुष्यभर माझ्याबरोबर वजनं उचललेले सहकारी, आणि ‘अहो, लवकर आटपा’ असं मघापासून डोळ्यांनी सांगणारी आमची ही. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. इतकं गोड बोलले की क्षणभर मला वाटलं, मी गेलोच की काय! पण पाचही जणांनी एक गोष्ट मोठ्या शिताफीने टाळली. मी आठ महिने आधीच का चाललोय? फरकाच्या वहीत माझ्या नावापुढे तीन वेळा नोंद झाली म्हणून. ती नोंद केली आमच्या विभागातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने, आणि त्या दिवसापासून विभाग तिच्याशी बोलत नाही. तुम्ही तिचं नाव ‘टाचणी’ ठेवलंय, ते मला माहीत आहे. तिचा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलाय, उद्या त्यावर सही होईल असं ऐकतो. म्हणून मला आजच बोललं पाहिजे. कागदावर लिहून आणलंय. हल्ली लागतं.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. दुकानातला काटा असो की दवाखान्यातला, तो ज्या वजनांनी तपासतात, ती वजनं आम्ही तपासतो. एक वजन दोघांनी तोलायचं, वेगवेगळं, एकमेकांचे आकडे न बघता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर शिक्का. नाही जुळले तर फरकाच्या वहीत लिहायचं, कुणाचा आणि किती. मग तो तुमचा साडू असो नाहीतर सासरा. फरक लपवायचा नाही, एवढा एकच धर्म आम्हाला इथं पहिल्या दिवशी शिकवतात.

बावीस वर्षं माझा जोडीदार एकच होता. आम्ही त्यांना पासंगराव म्हणायचो. तराजूचं पारडं एका बाजूला झुकत असेल तर ते सावरायला जो तुकडा बांधतात, तो पासंग. विभागात कुणाचं वाजलं की हे मध्ये. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, पण भांडणारे दोघेही हसत बाहेर पडायचे. आता माझी स्तुती झाली ती झाली, मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही.

चार वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने आम्हाला ते कॉफीचं यंत्र पाठवलं. एका वेळी एक कप. बंद पॉड, म्हणजे कॉफी भरलेली इवलीशी डबी, आत ठेवायचा, झाकण दाबायचं, वरून सुई घुसते, गरम पाणी येतं, कॉफी तयार. पॉड फेकून द्यायचा. आठवड्यात केराची टोपली त्या रिकाम्या पॉडांनी भरली. पासंगराव टोपलीसमोर उभे. म्हणाले, “अहो, एका कपामागे एक डबी फेकायची? आपली आई काय म्हणाली असती?” दुसऱ्या दिवशी ते स्टीलची गाळणी घेऊन आले. पॉडच्याच मापाची, बारीक जाळीची, वर झाकण, झाकणाला सुईसाठी भोक. आपली कॉफी भरा, प्या, धुवा, पुन्हा भरा.

पहिला महिना नुसता गोंधळ! कॉफी फार बारीक दळली तर कपात गाळ. जाड दळली तर काळं पाणी. दाबून भरली तर पाणी आत शिरेना, बाजूने वाहून ओट्यावर. एकदा झाकण वाकडं बसलं आणि सुईच वाकली. पण माणूस आमच्या प्रयोगशाळेतला. त्यांनी काय केलं, तर प्रत्येक वेळची कॉफी आपल्या हजारांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलली. साहेब, असे बघू नका. ज्यांनी तोलली ते गेले आणि मी निवृत्त झालोय, आता मेमो कुणाला देणार? तर निष्कर्ष असा निघाला: अकरा ग्रॅम. दाबायची नाही, फक्त टिचकी मारायची. वर थोडी जागा सोडायची, कारण कॉफी फुगते. कड बोटाने पुसायची. मग सकाळी सव्वानऊला दोन कप, एक त्यांचा, एक माझा. काट्याचा सराव झाला की माणसाचा हातच काटा होतो. पुढे पुढे ते न तोलता भरायचे आणि बरोबर अकरा भरायचे.

आणि मग एके दिवशी कॉफी पातळ लागली.

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही पातळ. मी त्यांच्या नकळत गाळणीतली कॉफी काढून तोलली. नऊ ग्रॅम. पुढच्या आठवड्यात आठ. ओट्यावर कॉफी सांडलेली दिसायची, उजव्या हाताने चमचा धरताना बोटं ढिली पडायची. शेवटी सात. चार ग्रॅमचा फरक! आमच्यात अर्ध्या मिलिग्रॅमला माणसं झोप घालवतात. आणि मी काय केलं? ओटा पुसला. त्यांची पाठ वळली की गाळणीत वरून चमचाभर टाकायला लागलो. त्यांची वजनंही मीच गुपचूप तोलून त्यांच्या कागदावरचे आकडे सुधारायला लागलो, म्हणजे कागद जुळतील. का? त्यांना वाईट वाटेल म्हणून. माणूस दोन वर्षांत निवृत्त होणार, कशाला दुखवा, असं मी स्वतःला सांगत होतो. सहा आठवडे सांगत होतो.

एका गुरुवारी सकाळी ते जिन्यात कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका नेहमीच एकदम येत नाही, पुष्कळदा आधी खुणा दिसतात, कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी तिथंच उभा होतो. वहिनी, तुम्ही त्या दिवशी माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, “भावजी, शेवटपर्यंत तुम्ही यांना सांभाळून घेतलंत.” मी मान डोलावली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

आता पुढचं ऐका, आणि हसायचं असेल तर हसा.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी सव्वानऊला एकटाच त्या ओट्याशी गेलो. यंत्राचं झाकण उघडलं. आत गाळणी बसवलेली. भरलेली. झाकण नीट, कड पुसलेली. विभागात अजून कुणी आलेलं नव्हतं. मी ती काढून काट्यावर ओतली.

सात ग्रॅम.

कुणाची थट्टा असेल म्हणून झाडणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी कशाला हात लावू बाबा त्याला? तुमचं ते विलायती लफडं तुम्हालाच लखलाभ.” दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सव्वानऊला भरलेली गाळणी, रोज सात, फार तर सव्वासात. एकदा मी ती संध्याकाळी माझ्या खणात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून घरी गेलो. सकाळी बघतो तर गाळणी यंत्रात. किल्ली खिशात.

भुतंखेतं मानणारा मी नव्हे. ज्याचं वजन करता येत नाही ते नाही, असं म्हणणारा माणूस मी. पण याचं तर वजन होत होतं! मला खात्री पटली की पासंगराव येतात. आणि ते का येतात हेही मला ठाऊक होतं. ते काही बोलत नव्हते, फक्त रोज सात ग्रॅम समोर ठेवत होते. ‘बघितलं होतंस ना? मग बोलला का नाहीस?’ मी ती पातळ कॉफी काढायचो आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायचो. त्यांच्या रिकाम्या टेबलाकडे तोंड करून प्यायचो. वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नाही. भीती वाटायची. आणि खरं सांगू? ज्या दिवशी सुट्टी असायची त्या दिवशी चैन पडायचं नाही. कसेही का होईना, ते येत होते.

आता मुळात हे यंत्र आलं कुठून, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने आम्हाला हे यंत्र पाठवलं. एका वेळी एक कप. बंद पॉड आत ठेवायचा आणि…

काय गं?

सांगितलं? हे सगळं?

बरं. सांगितलं म्हणते.

मंडळी, ती हात वर करून उभी आहे ना, तीच तुमची टाचणी. तिला मीच सांगितलंय, गाडी पुन्हा मागे गेली की हात वर कर. इथल्या शंभर माणसांत मला दुसरं कुणी टोकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बस, बाळ. बस.

पासंगरावांच्या जागी ही माझी दुसरी तोलणारी म्हणून आली. चार महिन्यांत एके दिवशी माझ्यासमोर दोन्ही कागद ठेवून म्हणाली, “काका, आकडे जुळत नाहीत. दोनशेचं वजन तुम्ही दोनदा तोललंत. शंभरचं राहिलं.” मी तिच्यावर असा कडाडलो की शेजारच्या विभागातून लोक डोकावले. तू किती पावसाळे पाहिलेस, तुझ्या वयापेक्षा माझी नोकरी मोठी, सगळं बोलून झालं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण वही उघडली आणि लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा. तुम्ही सगळे माझ्या बाजूने उभे राहिलात. ‘काकांचं वय तरी बघायचं होतं,’ असं तुम्ही तिला सुनावलंत. फार प्रेमाने केलंत तुम्ही ते. मीही पासंगरावांचं प्रेमानेच केलं होतं.

तिसऱ्या नोंदीनंतर एका सकाळी मी गाळणी हातात घेऊन उभा होतो. ही मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “काका, रागवू नका. ही गाळणी तुम्हीच भरता.”

“मी?”

“रोज नऊला. मी लवकर येते, रोज बघते. तुम्ही भरता, कड पुसता, ‘घ्या पासंगराव’ म्हणता आणि जाता. मग सव्वानऊला परत येता.”

मंडळी, मला लाज वाटली नाही, भीतीही वाटली नाही. मी तिथं ओट्याला टेकून हमसून हमसून रडलो. कारण वर्षभर जो माणूस रोज येत होता, तो त्या एका मिनिटात यायचा थांबला. भूत परवडलं असतं हो! आणि सात ग्रॅमच का? जे मी जगापासून लपवलं ते माझ्या हाताला ठाऊक होतं. हात काही लपवायला तयार नव्हता.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराचं नाव मोठं अवघड आहे; विसरू नये म्हणून मी ते पाकिटात लिहून ठेवलंय. लवकर कळलं, म्हणाले. औषधाने वेळ मिळेल. घरी विचारलं तर आमची ही म्हणते, तिला केव्हापासून शंका होती. मी दोनदा टाकलेलं मीठ ती गुपचूप निस्तरत होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, म्हणाली. मी तिला कुठल्या तोंडाने बोलू?

म्हणजे बघा. माझ्या घरात, माझ्या विभागात, माझ्यावर जीव टाकणारी इतकी माणसं. आणि माझे हातचे दिवस वाचवले ते एका पोरीने, जिला मी सगळ्यांसमोर रडवलं. पासंगरावांना अशी एक टाचणी मिळाली असती तर आज हे भाषण त्यांनी केलं असतं आणि मी खाली बसून टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांना मी मिळालो.

साहेब, तो बदलीचा अर्ज तिच्या अक्षरात असला तरी तिचा नाही. आपण सगळ्यांनी मिळून तो तिच्याकडून लिहवून घेतलाय. तो फाडा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मला निरोप म्हणून दुसरं काही नको. आणि सहकाऱ्यांनो, उद्या सकाळी तिच्याशी बोला. फार काही नको, ‘कॉफी घेतेस का’ एवढं विचारलंत तरी चालेल.

आता आभार. साहेबांचे, पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, मावशींचे, आमच्या हिचे. कुणाचं नाव राहिलं असेल तर तो हेतू नाही, आजार आहे. ओघात एखादी गोष्ट मी दोनदा सांगितली, ती आपण उदार मनाने पोटात घाला. पण एक गोष्ट मी तेव्हा एकदाही सांगितली नाही. तिची माफी आपण कुणी देऊ नका. ती द्यायची की नाही, हे वहिनी ठरवतील.

वहिनी, मी खाली येतोय.