डाव्या गालावरचं ऊन

सहादेव : कुनाच्या हाताला धरून आलीस?

मनकर्णा : कुनाच्याच न्हाई, दादा! नगरच्या शाळेतनं निघाले, चालत स्टँड गाठला, पाथर्डीची गाडी कुठली ते इचारलं अन् बसले. फाट्यावर उतरले, ओढा उतरून ह्या बाभळीपत्तूर आले. इश्वास बसत न्हाई तर ह्या पांढऱ्या काठीला इचार.

सहादेव : आधी ती काठी खाली धर. लई मिरवू नको.

मनकर्णा : मिरवू नको तर काय करू? आंधळ्यांच्या शाळेत सतरा पोरी, पन घरापत्तूर एकटीला सोडलं ते मलाच. अन् माझा हात सोड बघू. गुरुजींनी बजावलंय, कुनी हात धरून चालवलं तर ते चालनं धरायचं न्हाई.

सहादेव : बरं, चल. हिकडनं वळ. सरळ वाट दुष्काळी कामात खनून ठेवलीय.

मनकर्णा : आई काय करतीय? अन् आपली लंकी? तिच्यासाठी आसन इनून आनलंय मी, सुताचं. कडंनं नक्षी हाय. बोटानं मोजून काढलीय.

सहादेव : हं.

मनकर्णा : पत्र पोचलं न्हवं? गुरुजींकडनं लिहून घेतलं हुतं. घ्यायला कुनी येऊ नका, माझी मी येते म्हनून.

सहादेव : पोचलं.

मनकर्णा : तरी आलासच! राहवलं न्हाई तुला.

सहादेव : न्हाई राहवलं.

(दोघं बरंच चालली. मग मनकर्णा थांबली. तिनं एक गाल उन्हाकडं केला, मग दुसरा. भाऊ पुढं गेला होता, तो मागं वळला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, जायच्या बेतात होतं.)

मनकर्णा : दादा, ही घरची वाट न्हाई.

सहादेव : तुला काय दिसतंय?

मनकर्णा : फाट्यावरनं निघाले तवा ऊन डाव्या गालावर हुतं. खडी फोडनाऱ्या बायांचे हातोडेबी डावीकडं वाजत हुते. आता दोन्ही उजवीकडं आलंय. आपन माघारी फाट्याला चाललोय.

सहादेव : लईच शिकवलंय तुला.

मनकर्णा : घरी काय झालंय? आई बरी हाय ना?

सहादेव : आई धडधाकट हाय. लंकीला बघायला पाहुने आलेत.

मनकर्णा : आगं बया! मग तर मला बिगी बिगी ने की. मी चुलीम्होरं बसंन. तोंडातनं ब्र काढायची न्हाई.

सहादेव : न्हाई. दोनदा जमलेलं मोडलं तिचं. थोरली आंधळी, म्हंजी घरान्यातच खोट, म्हनून उठून गेलं लोक.

मनकर्णा : देवी आल्या हुत्या मला, पाचव्या वर्षी. त्यात गेले डोळे. घरान्यात कुठं हाय?

सहादेव : आमाला ठाव हाय. लोकांच्या तोंडाला कोन लागनार? म्हनून ह्या बारीला आमी सांगितलं, थोरली हुती, देवीच्या साथीत वारली.

मनकर्णा : वारली?

सहादेव : व्हय.

मनकर्णा : आरं, अख्खं गाव वळखतं मला!

सहादेव : आई घरोघर जाऊन पाया पडली. कुनी बोलनार न्हाई.

मनकर्णा : आई पडली?

सहादेव : तिनंच काढलं हे. म्हनली, मेली म्हटलं की लोक हळहळत्यात, आंधळी म्हटलं की उठून जात्यात.

मनकर्णा : माझं पत्र वाचूनबी?

सहादेव : पत्र आलं म्हनून तर मला दिस उगवल्यापासनं बाभळीखाली बसवलंय. तू गुमान पडून राह्यली असतीस शाळेत, तर ही येळच आली नसती.

मनकर्णा : तीन वर्सं, दादा. शाळेच्या आवारात गोल गोल फिरवायचे आमाला. बाकीच्या पोरी आवार फिरायच्या. मी हीच वाट चालायची. फाटा, ओढा, बाभळ, आपलं दार.

सहादेव : रडू नको, डोळं सुजत्यात. नवऱ्याचा चुलता अकराच्या गाडीनं उतरनार हाय, पाथर्डीकडनं. तीच गाडी पुढं नगरला जाती. त्यात तू बसायचं. त्याच्याम्होरं तोंड उघडलंस तर लंकीच्या जल्माचं वाटोळं. तुझं तर झालंच हाय.

मनकर्णा : माझं न्हवतं झालं. मगाशी बाभळीपाशी आले तवापत्तूर न्हवतं झालं.

सहादेव : ते आसन दे हिकडं.

मनकर्णा : लंकीला सांगशील ना, मी सोता...

सहादेव : तिला कशाला? पाहुन्यांना दाखवाया. पोरीला इनकाम येतं का, इचारत हुते.

मनकर्णा : घे. उलटं धरू नको. नक्षी वरच्या अंगाला हाय.

सहादेव : फाटा आला, गाडीबी आली बघ. काठी पदराखाली घे. धर माझा हात.

मनकर्णा : मला चढता येतं.

सहादेव : धर म्हनतो ना!

आप्पासाहेब : काय सहादेवराव, आम्हाला घ्यायला थेट फाट्यावर? वा! आणि ही कोण?

सहादेव : या, या आप्पासाहेब. ही व्हय? कुनी न्हाई. वाट चुकून हिकडं आली बिचारी. गाडीत बसवून देतोय.

आप्पासाहेब : आंधळी दिसते. अरेरे! पुण्य केलंत हो. तुमच्या घरात मुलगी द्यायला काय, मुलगी घ्यायलाही माणसानं डोळे झाकून यावं. हातात काय ते?

सहादेव : आसन. आमच्या लंकीनं इनलंय.

आप्पासाहेब : बघू. काय सफाई आहे! नक्षी एका धाग्यानं हललेली नाही. डोळ्यात तेल घालून विणलंय पोरीनं.

सहादेव : चढ गं तू. गाडी खोळंबली.

आप्पासाहेब : थांबा हो, विचारू तरी. काय गं पोरी, कुणाचं घर शोधत होतीस? एकटीला सोडलंच कसं घरच्यांनी?

सहादेव : सांग की त्यास्नी. वाट चुकलीस न्हवं?

मनकर्णा : व्हय, बाबा. चुकले. पयल्यांदाच चुकले.