एका फुंकरीची मेणबत्ती

नाही नाही, पैसे परत नकोत ताई, बदलून द्या फक्त. परवा तुमचे भाऊ बसले होते गल्ल्यावर, त्यांची काही चूक नाही — मीच म्हटलं त्यांना, वाढदिवसाच्या मेणबत्त्या द्या, जरा गमतीच्या असल्या तरी चालतील. आता मला काय ठाऊक, गंमत म्हणजे ही. घरी नेल्या, म्हटलं आधी एक लावून बघू. पावाच्या तुकड्यात खोचली, लावली, फुंकली — विझली. बरं वाटलं. पाठ फिरवतो तर आपली परत पेटलेली. पुन्हा फुंकली, पुन्हा पेटली. हसता? हसा, हसण्यासारखंच आहे — पण मी आपला फुंकतोय, फुंकतोय. शेवटी पाण्याच्या तांब्यात बुडवली, तेव्हा कुठे थांबली. पाव वाया गेला. लेक म्हणाली, बाबा, एवढं काय घाबरायचं, मुलांना आवडतात असल्या. म्हटलं, आवडत असतील. आपल्याकडे नकोत.

नातीचा वाढदिवस आहे. सहावं पूर्ण होतंय. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, पाय टेकायला लागल्यापासून गरागरा फिरायची म्हणून. मोठं काही नाही, अंथरूण पाहून पाय पसरायचे. टोप्या मी रद्दीच्या कागदांच्या करतोय, लेक त्यांना रंग देते. केक ती घरीच करणार, कुकरमध्ये. फुग्यांना पंप आहे, सायकलचा. जन्म गेला सायकली दुरुस्त करण्यात, दुकान सोडलं तेव्हा तेवढा पंप आणला घरी. म्हणजे फुगे कोणाला तोंडानं फुगवायला नकोत. मुलं चारच बोलावलीत, खोली लहान ना — आणि खेळ सगळे बसून खेळायचे. डोळे मिटायचे, हातात काय दिलंय ते ओळखायचं, असे. पळापळ नको म्हटलं, खालचे लोक ओरडतात. ओरडतात म्हणजे — खाली कोणी राहत नाही तसं. खाली लाकडाची वखार आहे.

तर तुम्ही मला साधी दाखवा. एकच. सहा कशाला, उगाच खर्च. मी तेच म्हटलं तिला, तर मला म्हणते, आजोबा, एक कशी? मी काय एका वर्षाची आहे? जीभ बघा किती चालते. जिभेला काही नाही झालेलं. ती कोणती, आकड्याची? सहाचा आकडा — हे झालं काम. म्हणजे मेणबत्ती एक आणि वर्षं सहा, तिलाही बोलायला जागा नाही. पण हिची वात जाड आहे हो. जाड वातीची ज्योत दांडगी होते. कात्री आहे का? नाही, थांबा, आधी मी नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला लागलंय वेड.

तिला फुंकर येत नाही. म्हणजे येते, पण पुरत नाही. छातीत दोष आहे, जन्माचाच, आम्हाला उशिरा कळला. जिना चढताना ओठ जांभळे पडतात. मधल्या वळणावर बसते आणि मला म्हणते, आजोबा, तुम्ही दमलात ना, बसा जरा. मीही बसतो. म्हणतो, हो गं, दमलो बाई. रोज असं आम्ही दोघं माझ्या नावावर बसतो.

वाढदिवस या रविवारी. म्हणजे खरी तारीख पुढच्या महिन्यातली — पण डॉक्टरांनी दिलेला दिवस त्याच्या आधी येतो. लेक म्हणाली, बाबा, आधीच करून टाकू, नंतर पथ्यपाणी असेल, ती झोपून असेल. मी म्हटलं, हो, बरोबर आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंगरीला सांगितलं, तुझी आई तारखेत चुकत होती इतकी वर्षं. ती म्हणाली, आई चुकत नाही. आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. अशी उठून गेली ना ताई, की मी तिच्या मागे जातो. बोलत असते तोवर ठीक.

आता शेजारच्या पोरीनं तिच्या डोक्यात भरवलंय, एका फुंकरीत विझली तर मनातलं खरं होतं. एकाच फुंकरीत हां, दुसरी चालत नाही. म्हटलं, काय मागणार गं, बाहुली? बाहुली नाही म्हणाली. कानाशी आली, हात आडवा धरला आणि म्हणाली — दवाखान्यातून परत घरी. ऑपरेशनचं अक्षर काढलं नव्हतं हो तिच्यापुढे कोणी. आणि वर मलाच म्हणते, आईला सांगू नका, ती घाबरेल. मी कसला सांगतोय. तुम्हालाच सांगितलं, तेही सांगायचं नव्हतं.

म्हणून ती मेणबत्ती पेटली परत तेव्हा — जाऊ द्या. मी ठरवलंय, तिच्या मागे उभा राहीन आणि ती फुंकेल त्याच वेळी हळूच मीही फुंकेन. पण हुशार आहे ती. मानेला वारा लागला तर लगेच मागे बघेल. म्हणून मेणबत्तीच अशी पाहिजे की तिची तिलाच विझवता यावी.

द्या ती कात्री. एवढी वात उडवतो. बघा, आता कशी, तांदळाच्या दाण्याएवढी. लावा. पंखा बंद करा जरा — घरीही बंदच ठेवणार, उकडलं तर उकडलं. आता मी तिच्याइतकंच फुंकतो. मला ठाऊक आहे तिचा श्वास किती ते, कुशीत झोपते ना माझ्या. एवढासा. बोलू नका हां.

…

विझली.

विझली की हो. लगेच. धूरसुद्धा कसा, उगाच रेघेएवढा… बघा ना, एवढ्याशानं विझली.

परत लावा. लावा म्हणतो ना. नाही, बरोबर आहे ती, हीच पाहिजे होती, हीच बांधून द्या — पण अशी काळी वात घेऊन नाही बांधायची, एकदा लावा, मग मी चिमटीनं… हं, तशीही काळीच राहणार. असू द्या. बांधा.

आणि त्या परत केलेल्या कुठे ठेवल्यात? त्यातली एक द्या मला इकडे. वाढदिवसाला नाही हो. मला. तिला आत नेतील तेव्हा मी बाहेर बसणार, बाकावर. लावू देणार नाहीत तिथे, ठाऊक आहे मला. लावायची नाही. नुसती खिशात ठेवायची.

पैसे हे घ्या. चला, पंखा लावा तुम्ही, मागे माणसं उभी आहेत.