मालन वन्संचं रान उचलायचं न्हाई

जमलेल्या मंडळींनो, मामा, आप्पा, आयाबायांनो. लांबून आलेल्या पाव्हण्यांनो. दौंडहून वन्संच्या कॉलेजातली माणसं आलीत, त्यांनी त्यांच्या शिकवण्याबद्दल लई चांगलं सांगितलं. आता मला उभं केलंय. मला माइकपुढं बोलायची सवय न्हाई. काल दशक्रिया झाली, तरी सकाळी चहाचे दोन कप मांडले मी. पण ज्यासाठी उभी राहिलीय ते बोलून घेते. रडायचं ते घरी जाऊन रडंन.

मी कमल. मालन वन्संच्या धाकट्या भावाची बायको. माझं मालक गेलं तवापास्नं वन्सं आन् मी, आम्ही दोघींनी मिळून खालचं रान केलं. ते रान तुम्हाला ठावं हाय. नदीच्या अंगाचं, चोपण. वर मीठ फुटायचं, चालून आलं की चपला पांढऱ्या व्हायच्या. वन्सं रिटायर झाल्या, लग्न केलेलं नव्हतं, बापाच्या जमिनीतला वाटा मागितला. तवा घरात काय काय झालं ते आज काढत न्हाई. आबांनी, माझ्या थोरल्या दिरांनी, वाटा दिला. कुठला दिला? तो. हसत दिला. वन्संनीबी हसत घेतला.

त्या कॉलेजात जिवाणू शिकवायच्या. मला म्हणल्या, "कमल, ही माती वाईट न्हाई. हितली वस्ती उठून गेलीय. तिला परत बोलवायचीय." मी म्हणलं, वन्सं, कुणाची वस्ती? म्हणल्या, "डोळ्यांना दिसत न्हाईत त्यांची." मला वाटलं, एकटं राहून राहून बाईचं डोकं फिरलं.

मग मीठ वाहून जायला चर खणला. खतासाठी धैंचा पेरला आन् हिरवा असतानाच गाडला. लोकं ऊस तुटला की पाचट पेटवायची, आम्ही ते मागून आणून रानात कुजवायचो. लोकं म्हणायची, दोघी कचरा गोळा करत्यात. करत होतो. काय म्हणणं हाय?

रशीदमामा, तुम्ही मागं बसलाय, पुढं या. शिरूरच्या बाजारात ह्यांचं शिलाईचं दुकान हाय. वन्सं ह्यांच्याकडनं सुती फडकी शिवून घ्यायच्या, कडेला पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिलाई. मामांनी एकदा विचारलं, बाई, एवढी फडकी पुरून उगवणार काय? वन्सं म्हणल्या, "शर्ट." आठवतंय ना मामा? खरं म्हंजी सूत हे जिवाणूंचं खाणं. वस्ती असल तर फडकं खाल्लं जातं, नसल तर तसंच राहतं. पॉलिस्टर त्यांना पचत न्हाई. एवढी सोपी परीक्षा.

एक फडकं आबांच्या रानातबी पुरलं. विचारून पुरलं होतं, आबा इसरलं. दोन-अडीच महिन्यांनी नांगरटीत ते वर आलं. झटकलं तर धड. एक भोक न्हाई. आबांनी ट्रॅक्टर जागीच सोडला. करणी झाली म्हणले. लिंबू आलं, नारळ आला, देवऋषी आला. समदी आळी दारं लावून बसली. आन् तिथं वन्सं गेल्या. म्हणल्या, "आबा, करणीच हाय ही. पण दर साली पाचटाला काडी कोण लावतंय?" मग आमच्या रानातलं फडकं उकरून आणलं. फडकं कसलं, नुसती चौकोनी शिलाई. मधलं समदं खाऊन टाकलेलं. वन्संनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली, त्यातनं आबांचं तोंड दिसत होतं. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसलो. आबा, आज राग धरू नका. तवा तुम्हीबी शेवटी हसला होता.

असं समदं सुखाचंच न्हाई झालं. एका साली पावसानं दडी मारली ती मारलीच. त्या उन्हाळ्यात आमच्या रानातलंबी फडकं धड निघालं. वन्संला घास जाईना. मी म्हणलं, गेली का वस्ती? त्यांनी फडकं झटकून घडी घातली. पुढच्या साली पाऊस आला तो झोडपून, रानात पाणी तुंबलं. ते ओसरल्यावर परत फडकं पुरलं. निघालं तवा चाळणी झालेली, आन् त्यावर गुलाबी, काळे, हिरवे डाग. आधी असले डाग कधी नव्हते. वन्सं बांधावर बसून लहान पोरीवाणी रडल्या. म्हणल्या, "कमल, काही जुनी गेली. काही कवच करून झोपली होती, ती उठली. काही नवीच आलीत. वस्ती तीच न्हाई, पण काम चालू झालं बघ." हिवाळ्यात हरभरा उपटून मुळावरची जिवाणूंची गाठ नखानं फोडून दाखवली. आत लाल. म्हणल्या, लाल म्हंजी कामावर हाय.

आता ऐका. वन्सं दवाखान्यात होत्या तवाच वीटभट्टीवाला रान बघून गेला. वरची हातभर माती उचलायची ठरलीय. तेराव्यानंतर जेसीबी यायचाय. मला कुणी विचारलं? न्हाई. आबा, तुम्ही म्हणला, तिच्या मागं कुणी न्हाई, जमीन आपल्याकडंच येती. येती ना. पण आपल्याकडं म्हंजी माझ्याकडंबी येती. वकिलाला विचारून आलेय. मी सही देणार न्हाई.

दुष्काळ आला, ती वस्ती झोपली आन् उठली. पाणी तुंबलं, ती बदलली आन् टिकली. मिठातनं निघाली. समदं सोसायची अक्कल तिच्यात हाय. पण झोपायला घर तर पाहिजे? ती हातभर माती हेच तिचं घर. ती भट्टीत भाजल्यावर कोण उठणार, आन् कुठं उठणार? हितं बसलेल्या समद्यांनी त्या रानातला हरभरा खाल्लाय. मग माती उचलायचं ठरलं तवा एकजण बोलला न्हाई. वन्संला फुलं वाहायला मात्र रांग लागली. असली श्रद्धांजली मला नको, त्यांनाबी नको.

वन्सं, तुम्ही गेलात, मी अजून हाय. माझ्या अंगावरनं जेसीबी न्यावा लागंल.

आता दोन मिनिटं उभं राहू. समदे उठा. आबा, तुम्हीबी उठा. दोन मिनिटं झाली की तुम्ही समदे खाली बसा. मी बसणार न्हाई. आबांनी ह्या माइकवर येऊन, त्या मातीला हात लावणार न्हाई असं सांगितल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई.