आक्काची सरळ पाठ

छंगदोवाली: आता अजून आवळलं तर बरगडी मोडेल हं आक्का!

आक्का: मोडू दे. श्वास घेता येतोय मला, म्हणजे सैलच आहे. ओढ गाठ.

छंगदोवाली: शेवयांचं लाटणं रुतत नाही का पाठीत?

आक्का: रुतायलाच लावलंय ते. ह्याच कापडात दोंगहाला पाठीशी बांधून अख्खं शेत लसूण लावलाय मी. तेव्हा नाही मोडली बरगडी.

छंगदोवाली: तेव्हा पोर बांधलं होतंस. आणि तेव्हा पाठ होती, आता नुसती कमान उरलीय.

आक्का: बोल, बोल. तुझीही वाकायला लागलीच आहे. चल, कर मला उभी. म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या विम्याच्या ऑफिसातली बाई यायची वेळ झाली.

छंगदोवाली: चौकट धर. दोन्ही हातांनी. हं... सावकाश. आली, आली वर!

आक्का: अगं बाई गं.

छंगदोवाली: काय झालं? कळ आली?

आक्का: तुझे केस इतके पांढरे कधी झाले?

छंगदोवाली: लाटण्यानं डोकं फिरलं की काय तुझं? रोज तर भेटतेस.

आक्का: मला रोज तुझे मोजे दिसतात. फार मान ताणली तर हनुवटी. म्हातारी झालीस गं तू.

छंगदोवाली: आणि तू काय नवरी? नीट उभी राहा, डुलतेयस.

आक्का: हे बघ, परवाचं तोंडातून काढायचं नाही. जीव गेला तरी नाही.

छंगदोवाली: नाही काढत. पण मग माझंही तू काढायचं नाहीस.

आक्का: नाही काढणार, शब्द दिला. माझी बाबागाडी कुठाय?

छंगदोवाली: दारातच आहे.

आक्का: अगं ढकल तिला मागच्या मोठ्या बरण्यांमागे! मी तिला धरून चालते, ते ती दिसली की कळलंच.

छंगदोवाली: गावात बाळ औषधाला नाही आणि दारोदार बाबागाड्या. त्या बाईला काय कळायचं राहिलंय? आणि त्यात दगड आहे तुझा, मला नाही ढकलवत.

आक्का: दगड नाही ठेवला तर ती पुढे पळते आणि मी मागे राहते. ढकल गं, तुझ्या पाया पडते. बोंगनेच्या आईची गाडी बघतेस ना गावच्या हॉलच्या पायरीपाशी? मालकीण गेली त्या वृद्धाश्रमात, गाडी अजून वाट बघतेय.

छंगदोवाली: नको नाव काढूस तिचं. मला रात्री झोप येत नाही.

आक्का: तिच्याकडेही आधी अशीच एक बाई आली होती, प्रश्न विचारायला. दोंगहा फोनवर काय म्हणाला, ऐकलंस ना? "आई, ती विचारेल ते खरं सांग," आणि लगेच पुढे म्हणतो, "इकडे उल्सानला वृद्धाश्रमात एक जागा बघून ठेवलीय." खरं सांगितलं की उचललीच मला.

छंगदोवाली: गाडी आली गं. पांढरी मोटार. दार उघडलं तिनं.

आक्का: देवा रे. तू बोल. तू पुढे हो.

पे: किम पिलनाम आजी? मी पे. विमा कार्यालयातून आलेय. आत येऊ का?

आक्का: या, या. बसा. जमीन खालून तापवलीय, गरम आहे.

पे: अहो, तुम्ही कशाला उभ्या राहिलात? बसा ना.

आक्का: मला उभंच आवडतं. दिवसभर उभीच असते मी.

छंगदोवाली: बसवतच नाही हिला. खोड आहे.

पे: पिलनाम... म्हणजे मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव ना हे?

आक्का: चौथी मुलगी मी. बापानं नाव ठेवलं आणि मग तोंड बघितलं नाही वर्षभर.

पे: माझ्या आजीचंही हेच नाव होतं. बरं, तुमची कामं कोण करतं? आंघोळ, जेवणखाण?

आक्का: मीच. सगळं मीच करते.

पे: चालायला आधार लागतो?

आक्का: छे!

छंगदोवाली: आधार कसला? काल झाडावर चढून पिकलेले परसिमन उतरवले हिनं.

आक्का: ए बाई, गप बस तू.

पे: झाडावर?

आक्का: खालच्या फांदीवरचे. हातानं.

पे: गेल्या काही महिन्यांत कुठं पडलात?

आक्का: मी? नाही.

छंगदोवाली: नाही हो. कशाला पडेल?

पे: वा. मग माझं काम सोपं झालं. उत्तम तब्येत आहे, मदतीची गरज नाही, असं लिहिते.

आक्का: म्हणजे न्यायचं नाही मला?

पे: कुठं न्यायचं?

आक्का: तिकडे. उल्सानला.

पे: आजी, मी न्यायला नाही आले. दोंगहा साहेबांनी अर्ज केलाय, की तुमच्याकडे रोज सकाळी एक मदतनीस बाई यावी. आंघोळ घालायला, चार घास रांधायला. तुम्हाला घरीच राहता यावं म्हणून.

आक्का: घरी? ह्या घरी?

पे: ह्याच. पण गरज आहे असं मला दिसलं तरच ती बाई येणार. नाही आली तर पुढे काय करायचं ते तुमचा मुलगा ठरवेल. आई एकटी पडून राहिली तर, ह्या विचारानं झोप लागत नाही म्हणाले. म्हणून ती जागा बघून ठेवलीय.

छंगदोवाली: आक्का... आपण उलटंच केलं की गं सगळं.

आक्का: थांब. पोरी, अशी उजेडात ये. आज वर बघता येतंय मला, तर तुझं तोंड नीट बघू दे.

पे: बघा.

आक्का: कोवळं आहे तोंड. बोंगनेच्या आईकडे आलेली बाईही कोवळ्या तोंडाचीच होती म्हणतात. मला भीती वाटते गं. खूप भीती वाटते. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे. गेलेलं माणूस पेटीतूनच बाहेर येतं.

पे: खोटा शब्द नाही देणार मी तुम्हाला. शेवटचा निर्णय वरचे लोक घेतात. पण मला जे दिसेल ते मी लिहीन, आणि जे दिसलंच नाही ते कसं लिहू?

आक्का: छंगदोवाली.

छंगदोवाली: काय आक्का?

आक्का: गाठ सोड.

छंगदोवाली: अगं, पण...

आक्का: सोड म्हणते ना. दम कोंडला माझा.

(लाटणं जमिनीवर पडतं आणि घरंगळत दारापर्यंत जातं.)

पे: अगं आई! हे काय बांधलं होतं?

आक्का: शेवयांचं लाटणं. घरचंच आहे. आता तुझे मोजे दिसायला लागले. अंगठ्याला भोक आहे त्याला.

पे: हो, आहे. आजी, आता खाली बसाल? मी धरते.

आक्का: बसायला काय लागतं? खाली जायची वाट सोपीच आहे. ही बघ, बसले.

पे: आता उठून दाखवा.

आक्का: थांब, हात टेकून बघते.

पे: सावकाश. घाई नाही.

आक्का: नाही उठता येत.

पे: बरं. आता मघाचा प्रश्न पुन्हा विचारते. कधी पडलात?

आक्का: परवा. मागे, सोयाबीन मुरवायच्या त्या मोठ्या बरण्यांपाशी. झाकण उचलायला गेले आणि पाय सरकला.

पे: मग उठवलं कुणी?

आक्का: ते नको विचारूस.

पे: का?

आक्का: शब्द दिलाय मी.

पे: आणि तुम्ही, आजी, शेजारीच राहता ना? तुम्ही उठवलंत का ह्यांना?

छंगदोवाली: मी... मी धावत आले. म्हणजे आपली काठी टेकत आले. हिच्या काखेत हात घालायला म्हणून खाली बसले.

आक्का: राहू दे गं. नको सांगूस.

छंगदोवाली: बसले ती बसलेच. मलाही वर येईना. फोन दोघींचेही घरात. ओरडलो, पण ऐकणार कोण? ऊन गेलं, गारठा पडला. ही म्हणाली, तू गाणं म्हण. मला गाणं आठवेना. शेवटी पार्सलवाला आला, त्यानं एकेकीला उचललं.

पे: तुमच्या घरी कोण असतं?

छंगदोवाली: कोणी नाही. मुलगी आहे, पण ती तेगू शहरात. तिला ह्यातलं काही ठाऊक नाही.

पे: मदतीसाठी तुमचाही अर्ज करता येईल. तुमचं नाव काय, आजी?

छंगदोवाली: आक्का, ही माझं नाव विचारतेय. सांगू?